भिंतीपलीकडचा आवाज

पीएल सुरू होती. रात्रीचे साडेअकरा-पावणेबारा झाले असतील. आम्ही चौघं एका रूममध्ये न्युमरिकल्स सोडवत बसलो होतो. होस्टेलच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागूनच एक बैठी चाळ आहे. तिथून आधी भांडी आदळल्याचा आवाज आला. मग एका माणसाचं ओरडणं, बाईचं रडणं आणि एका लहान पोराचं "पप्पा, नको ना, आईला नको ना!"

आमच्यातला एक जण उठला. आम्हाला वाटलं, हा आता बाहेर जातोय. त्यानं खिडकी लावली आणि परत येऊन बसला. "रोजचंच आहे यांचं," एवढंच म्हणाला. त्यावर कोणी काही बोललं नाही. पुढचं न्युमरिकल सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबेवाल्या मावशी आल्या. मेस बंद असली की आमच्या विंगमधले सात-आठ जण त्यांच्याकडून डबा घेतात. त्यांच्या डाव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. "काय झालं हो मावशी?" "काही नाही रे बाबा, मोरीत पाय घसरला." सोबत त्यांचा दुसरीत शिकणारा मुलगा होता. तो एरवी आमच्या कॅल्क्युलेटरशी खेळायचा. त्या दिवशी आईचा पदर धरून खाली मान घालून उभा राहिला. रात्रीचा आवाज कोणाचा होता, ते आम्हाला तेव्हा कळलं.

वर्षभर ज्यांच्या हातचं जेवलो, त्यांच्याच आवाजावर आम्ही खिडकी लावून घेतली होती. हा लेख त्या खिडकीबद्दल आहे. (मावशींना विचारूनच लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ऐकतात सगळे, जात कोणीच नाही

चाळीत आठ-दहा बिऱ्हाडं. इकडे होस्टेलच्या मागच्या बाजूच्या वीस खिडक्या. आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. मग कोणीच का गेलं नाही? आपण सगळेच निर्दयी आहोत का?

या प्रश्नावर मानसशास्त्रात एक गाजलेला प्रयोग आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा रस्त्यात खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि कोणीही काही केलं नाही, अशी बातमी छापून आली. ही बातमी बरीच फुगवलेली होती, हे पुढे सिद्ध झालं. पण तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघा संशोधकांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून एकमेकांशी बोलायला लावलं. मध्येच त्यातल्या एकाला फीट आल्याचा आवाज येई. तो खरं तर टेपवरचा आवाज होता. 'हे फक्त मीच ऐकतोय' असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के फीट संपायच्या आत मदत मागायला उठले. 'आणखी चार जण ऐकतायत' असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी फक्त ३१ टक्के उठले.

न उठणारे मजेत बसले नव्हते. ते घाबरलेले होते, काहींचे हात थरथरत होते. पण प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कोणीतरी गेला असेल. आपल्या भाषेत सांगायचं तर भार दहा खांबांवर आहे असं प्रत्येक खांबाला वाटतं आणि प्रत्यक्षात एकही खांब भार घेत नाही.

आपल्याकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे 'घरचा मामला'. रस्त्यावर अनोळखी माणसानं बाईवर हात टाकला तर दहा जण धावतील. तोच हात नवऱ्याचा असला की "नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं?" पोराला बापानं पट्ट्यानं मारलं की "वळण लावतोय." मारणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. आपल्या गप्प बसण्याचा अर्थ तो 'यांची हरकत नाही' असा घेतो. आणि तिला वाटतं, आपल्यासाठी कोणीही येणार नाही.

हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. म्हणजे सतत टोमणे मारणं, 'मुलगा झाला नाही' म्हणून पाणउतारा करणं, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, तिचे दागिने परस्पर विकणं हीसुद्धा हिंसाच. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्री या सगळ्यांना त्याचं संरक्षण आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्राचा आकडा सुमारे २५ टक्के, म्हणजे चारांत एक. त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही.

मुलांचं काय? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसली होती. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यातही मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कमी नव्हती. असं करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या नात्यातले होते. 'अनोळखी काकांकडून चॉकलेट घेऊ नकोस' एवढी शिकवण किती अपुरी आहे, ते यावरून समजतं.

कायदे आपोआप झाले नाहीत

आपल्याला वाटतं, कायदे दिल्लीत होतात. या बाबतीत मात्र सुरुवात आपल्या विदर्भात झाली. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. (हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. तिचं नाव त्या खटल्याला कायमचं चिकटलं, पण इथे ते पुन्हा लिहीत नाही.) सत्र न्यायालयात ते सुटले, उच्च न्यायालयानं शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा त्यातला एक मुद्दा होता.

प्रकरण तिथेच संपलं असतं. पण १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पोलीस ठाण्यात उभी असलेली गरीब मुलगी ओरडली नाही म्हणजे तिची संमती होती का, असा त्या पत्राचा सवाल होता. त्यानंतर मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत बायका रस्त्यावर उतरल्या, संघटना उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम आलं, पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं आणि त्याच वर्षी सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ हे कलमही आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हाच गुन्हा कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे.

पुढची पावलंही लोकांनी आणि संस्थांनी मिळून टाकली. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि बालकांसाठी 'विशेष कक्ष' सुरू झाला. तिथे तक्रार घेऊन येणाऱ्या बाईशी प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बोलते. १९९६ मध्ये त्याच संस्थेतून १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन प्रयोग म्हणून सुरू झाली आणि नंतर ती देशभर पोचली. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी 'दिलासा' केंद्र काढलं, कारण मार खाल्लेली बाई पोलिसांत गेली नाही तरी मलमपट्टीला दवाखान्यात येतेच.

आणि पुरुष? १९९३ मध्ये मुंबईत 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज' म्हणजेच 'मावा' ही संस्था उभी राहिली. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध पुरुषांनीच पुरुषांशी बोलायचं, हे तिचं काम. २००६ पासून 'युवा मैत्री' या उपक्रमातून ती कॉलेजच्या मुलांबरोबर काम करू लागली. म्हणजे आपल्याच वयाच्या मुलांबरोबर.

बेल वाजवा

२००८ साली 'ब्रेकथ्रू' या संस्थेची 'बेल बजाओ' मोहीम टीव्हीवर आली होती. एका जाहिरातीत शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो. एक माणूस अस्वस्थ होतो, उठतो, जाऊन बेल वाजवतो. दार उघडल्यावर म्हणतो, थोडं दूध मिळेल का? दुसरीत क्रिकेट खेळणारी पोरं बेल वाजवून चेंडू मागतात. ना भाषण, ना मारामारी. दूध हवं नसतं, चेंडूही हरवलेला नसतो. मारणाऱ्याला एवढंच कळतं, की बाहेर ऐकू जातंय. आणि आतल्या बाईलाही कळतं, की कोणीतरी ऐकलंय.

अशा गोष्टींनी खरंच फरक पडतो का? तर त्याचाही अभ्यास झाला आहे. युगांडातल्या कंपाला शहरात 'सासा!' नावाचा कार्यक्रम झाला. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ 'आत्ता'. वस्तीतल्याच सामान्य स्त्री-पुरुषांना तयार केलं गेलं आणि ते शेजाऱ्यांशी, दुकानावर, नळावर, घराघरांत बोलत राहिले. आठ वस्त्या निवडल्या, चार ठिकाणी कार्यक्रम आधी केला आणि चार तुलनेसाठी ठेवल्या. २०१२ मध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा कार्यक्रमाच्या वस्त्यांत त्याआधीच्या वर्षभरातली जोडीदाराकडून होणारी मारहाण तुलनेनं ५२ टक्के कमी आढळली. वस्त्या आठच असल्यामुळे या आकड्यातली अनिश्चितता मोठी आहे, हे आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी लक्षात ठेवायला हवं. पण 'नवऱ्यानं मारणं चालतं' असं मानणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण तिथे तुलनेनं अगदी स्पष्टपणे कमी होतं.

आम्ही काय केलं, आणि काय चुकलं

पुढच्या आठवड्यात तोच आवाज पुन्हा आला. या वेळी आम्ही दोघं उठलो, वॉचमन काकांना सोबत घेतलं आणि चाळीत जाऊन दार वाजवलं. "होस्टेलचं पाणी गेलंय, एक कळशी मिळेल का?" मावशींच्या नवऱ्यानं दार उघडलं. आमच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. काही न बोलता पाणी दिलं. त्या रात्री पुन्हा आवाज आला नाही. आम्ही फुशारक्या मारत परत आलो.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "काल आलात ते बरं केलंत. पण तुम्ही गेल्यावर त्यानं मला धरलं, पोरांना काय सांगितलंस म्हणून. पुढच्या वेळी आधी मला विचारा." थोडं थांबून म्हणाल्या, "तुमची परीक्षा झाली की तुम्ही गावाला जाल. मला इथंच राहायचंय."

आमच्याकडे याला उत्तर नव्हतं. आम्ही एका रात्रीपुरते शेजारी होतो. तिथे कायम राहणाऱ्या माणसांना सोबत घेतल्याशिवाय हे काम पुढे जाणार नव्हतं. मग आम्ही पहिल्यांदा त्यांना विचारलं, "मावशी, तुम्हाला काय हवंय?" आम्हाला वाटलं होतं, 'पोलिसांत द्या त्याला' म्हणतील. त्या म्हणाल्या, संध्याकाळी तो पिऊन येतो तेवढा वेळ पोराला कुठेतरी बसू द्या. माझं रेशनकार्ड, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स कोणाकडे तरी ठेवा. आणि शेजारच्या आजींशी बोला, त्यांना सगळं माहीत आहे पण त्या घाबरतात.

मुलगा वॉचमन काकांच्या केबिनमध्ये अभ्यासाला बसू लागला. झेरॉक्स आमच्या कॉलेजमधल्या एका मॅडमनी ठेवून घेतल्या. आजींशी बोलणं व्हायला महिना गेला. शेवटी त्या आजी आणि मॅडमच मावशींबरोबर संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेल्या.

कायदा शेजाऱ्याला काय सांगतो

हे आम्हाला उशिरा कळलं, तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

१. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटण्याला कारण असेल, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो. माहिती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. 'उद्या आपल्यालाच कोर्टात खेचतील' ही भीती अनाठायी आहे.

२. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत 'कळवू शकतो' नव्हे, कळवावंच लागतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला असा गुन्हा माहीत आहे, त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडपला तर शिक्षा एक वर्षापर्यंत. 'संस्थेचं नाव खराब होईल' या सबबीला इथे जागा नाही.

३. अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न ठरलंय असं सुट्टीत गावी गेल्यावर कानावर आलं, तर लक्षात ठेवा : महाराष्ट्रात गावपातळीवर बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर (पूर्वीच्या ग्रामसेवकावर) असते. १०९८ वर फोन केला तरी चालतो.

४. स्त्रिया आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

नंबर पाठ करून ठेवा : तातडीच्या मदतीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

हे करा, हे टाळा

जीव धोक्यात असेल, हत्यार असेल, मुलाला मार बसत असेल, तर विचारत बसू नका, ११२ लावा. एरवी आधी तिला विचारा, ती एकटी असताना, नवऱ्यासमोर कधीच नाही.

एकटे जाऊ नका. 'कोणीतरी चला रे' असंही म्हणू नका. त्याला कोणीच येत नाही. नाव घेऊन सांगा, "अमक्या, तू चल. तमक्या, तू फोन हातात धर."

नवऱ्याला चोप देऊ नका. तुमचा राग निघेल, पण त्याचा राग रात्री तिच्यावर निघेल.

व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. तिची किंवा मुलाची ओळख बाहेर फुटली तर ती पुन्हा भरून येत नाही.

"तू सोडून का देत नाहीस?" असं विचारू नका. ती कुठे जाईल, काय खाईल, पोराच्या शाळेचं काय, याचा विचार तिनं तुमच्या आधी शंभर वेळा केलेला असतो.

चार मोठी माणसं बसवून 'मिटवून टाकणं' म्हणजे मदत नव्हे. अशा बैठकीत बहुतेक वेळा तिलाच समजुतीनं घ्यायला सांगतात. मुलानं काही सांगितलं तर शांतपणे ऐका, "तुझी काही चूक नाही" म्हणा. उलटतपासणी घेऊ नका आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे.

आणि एक आपल्यातलं. रूमवर बायकांवरून विनोद होतात, कोणी गर्लफ्रेंडचा मोबाईल तपासतो, 'एक कानाखाली दिली की सरळ येते' असं कोणी हसत सांगतो. तेव्हाही आपण खिडकीच लावतो. मावशींचा नवराही कधीतरी विशीतला पोरगा होता आणि त्याच्याही भोवती मित्र होतेच.

मावशींचा अर्ज कोर्टात आहे, तारखा पडतायत. त्या अजून त्याच खोलीत राहतात. गेले चार महिने मारहाण झालेली नाही. पुढचं त्यांनाही माहीत नाही. शेजारच्या आजी आता रात्री दार उघडं ठेवून झोपतात. पोरगा तिसरीत गेला आणि संध्याकाळी काकांच्या केबिनमध्ये पाढे म्हणतो. मेमध्ये आमची बॅच जाणार. मागच्या बाजूच्या रूम्समध्ये येणाऱ्या मुलांना काकांचा नंबर आणि हा लेख देऊन जाणार आहोत. खिडकी त्यांनी उघडी ठेवावी.